कमजोर सरकारची मजबूत काठी

(मेहकर येथे युवकांसमोर केलेलं भाषण)



मी पुढारी नाही, प्राध्यापक नाही. मॅट्रिक झालोय, मुंबईत गोदीत बोजे उचलतो, रात्री कविता लिहितो. तेव्हा भाषण नीटनेटकं होणार नाही. पण जे आहे ते सरळ सांगतो.

सकाळी जालन्याकडून एसटीनं आलो. गाडी खडकपूर्णेच्या पुलावर आली. शेजारी कॉलेजचा पोरगा बसला होता, आपल्यातलाच. त्याला विचारलं, या पुलावर काय झालं होतं ठाऊक आहे का? म्हणाला, "पूल लई जुना झालाय." बस. एवढंच. त्या पोराचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून आज या पुलावरच बोलतो.

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. शरद पवारांचं पुलोद सरकार सत्तेवर येऊन तेव्हा नऊच दिवस झाले होते. जनता पक्ष, फुटलेली काँग्रेस, शेकाप, सगळ्यांची मोट बांधलेली. ठराव झाला, टाळ्या झाल्या. आणि मराठवाडा पेटला.

पेटला म्हणजे काय पेटलं? विद्यापीठ नाही पेटलं. महारवाडे पेटले, बौद्धवाडे पेटले. शेकडो गावांत आपली घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. पोचिराम कांबळे कुठल्या विद्यापीठात शिकत होते, सांगा मला!

नाव निमित्त होतं. खरा राग दुसराच. आपण मेलेली ढोरं ओढायची सोडली. येसकरकी सोडली. गायरानात नांगर घातला. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या कॉलेजातून पोरं शिकली, नोकरीला लागली, इस्त्रीचा शर्ट घालून गावात आली. तो शर्ट डोळ्यांत खुपत होता. ठरावानं काडी मिळाली, एवढंच.

आता सरकारकडं येऊ. गोदीत बोजा उचलताना आधी दोर तपासतात. मग खालची माणसं बाजूला करतात. मग क्रेनवाल्याला हाताची खूण करतात. या सरकारनं काय केलं? एवढा मोठा बोजा उचलला. दोर तपासला नाही. खाली गावोगाव दहा-वीस घरांची आपली वस्ती उघडी उभी होती, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि आरडाओरड झाल्यावर बोजा अधांतरी सोडून दिला. ज्यांनी सभागृहात हात वर केले त्यांतले किती आमदार आपापल्या मतदारसंघात गेले, चावडीवर उभे राहिले आणि म्हणाले की हा ठराव माझा आहे?

दंगलीत पूल तोडले, टेलिफोनच्या तारा कापल्या, म्हणून पोलिस वेळेवर पोचू शकले नाहीत, असं सांगतात. असेल. पण मंत्रालयापासून बौद्धवाड्यापर्यंत तार होती कधी? नव्हती त्या तारेचं काय कापणार?

ठराव गुंडाळून ठेवला गेला. तेव्हा नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे सरांच्या मागं नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. औरंगाबादकडं, पायी, थंडीत. बायका होत्या, म्हातारी माणसं होती, कडेवर पोरं होती. विदर्भ तुडवत मार्च तुमच्या या बुलढाणा जिल्ह्यात आला. आणि खडकपूर्णेच्या पुलावर सरकारनं त्याला अडवलं. लाठ्या चालवल्या, धरपकड केली.

माझी आजी इकडचीच. ती मार्चमधी नव्हती. तिनं आणि वस्तीतल्या बायांनी मार्चवाल्यांसाठी भाकरी थापल्या होत्या. ती सांगायची, "टोपलंभर भाकरी बांधल्या व्हत्या रे, पन पोलिसायनं जाऊ देलं नाही. तशाच वाळल्या." मी शहाणपणानं तिला म्हटलं, आजी, सरकार कमजोर होतं तेव्हा. आघाडीचं होतं. ती म्हणाली, "कमजोर व्हतं, मंग एवढे पोलीस कुठून आनले बाप्पा?"

मित्रांनो, मी पुष्कळ पुस्तकं चाळली. याच्यापुढचा प्रश्न मला कुठं सापडला नाही. सरकार कमजोर होतं, पण कुणापुढं? गावातल्या पाटलापुढं, मतांच्या गठ्ठ्यापुढं. आपल्यापुढं ते कधीच कमजोर नव्हतं. घरं जळताना त्याचा हात लुळा, आणि आपण रस्त्यावर उतरलो की त्याच हातात काठी.

पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. त्यानंतर किती मुख्यमंत्री आले, गेले. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नामांतर नव्हे, नामविस्तार! साडेपंधरा वर्षं. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच.

एक गोष्ट विसरू नका. सगळे सवर्ण जाळायला आले नव्हते. हमालांचे पुढारी बाबा आढाव आपल्या बाजूनं उभे राहिले. माणूस जातीवरून नाही, वेळेला कुठं उभा राहतो त्यावरून ओळखा.

आता आपण काय करायचं? नुसत्या घोषणा देऊन घरी जायचं नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या १९९५ च्या नियमांत जिल्हा दक्षता समिती सांगितली आहे. तीन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक झालीच पाहिजे. बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीत जा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. बैठका कधी झाल्या, कोण हजर होतं, काय ठरलं, इतिवृत्त मागा. नाही दिलं तर अपील करा. दंगल झाल्यावर मोर्चा काढण्याआधी, शांत असताना दोर तपासा. कारण बोजा खाली आला तर खाली आपणच उभे असतो.

आणि परत जाताना पुलावर एसटी आली की शेजारच्याला सांगा. आजीच्या भाकरी त्या पुलापर्यंत पोचल्या नाहीत. निदान गोष्ट तरी पुलापलीकडं जाऊ द्या.

जय भीम!