गायकवृंदाची रोजनिशी



ऑक्टोबर १९६२ मध्ये रॉबर्ट शॉ यांचा अमेरिकन गायकवृंद सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर होता. २२ ऑक्टोबरला केनेडींनी क्यूबातील क्षेपणास्त्रांची वार्ता जगाला सांगितली. २८ तारखेस ख्रुश्चेव्ह यांनी ती काढून घेण्याचे जाहीर केले. जग अणुयुद्धाच्या कड्यावर उभे असताना हे गायक ‘शत्रू’च्या भूमीवर होते. बाखची बी मायनरमधील मिस्सा, म्हणजे लॅटिन ख्रिस्ती उपासनेचे शब्द, निरीश्वरवादी राज्यातील श्रोत्यांपुढे त्यांनी याच दौऱ्यात गायिली.

खर्च अमेरिकी परराष्ट्र खात्याचा. आधार १९५८ च्या सांस्कृतिक कराराचा. क्षेपणास्त्रांचा आणि मैफलींचा धनी एकच! (खजिन्यातून संगीताच्या वाट्याला अर्थातच चिल्लर आली.) तेव्हा या दौऱ्यांना भाबडेपणाने शांतिकार्य म्हणण्याचे कारण नाही.

परंतु गायक म्हणजे परराष्ट्र खाते नव्हे. येल विद्यापीठाच्या रशियन गायकवृंदातील विद्यार्थी १९५८ साली सोव्हिएत शहरांच्या रस्त्यांवर रशियन गाणी गात आणि जमलेल्या गर्दीशी बोलत उभे राहिले. तेथे कोणी काय विचारले, कोणत्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, दुभाषा कुठे अडखळला, रात्री घराची आठवण आली की भीती वाटली, हे सरकारी अहवालात येत नाही. अहवाल टाळ्या मोजतो. ते यायचे तर एखाद्या गायकाच्या रोजनिशीतच. मात्र ती छापण्याच्या हेतूने लिहिली की तिचाही अहवाल होतो. शांतता परिषदांहून परतलेल्या आपल्याकडील प्रतिनिधींची प्रवासवर्णने या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावीत.

अहवाल दप्तरखान्यात जपले जातात. वह्या बहुधा घरच्या पेटीतच राहतात.