नाथांची पंगत
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कळस चढताना आपणा सर्वांच्या माना वर होत्या. महाप्रसादाला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात दोन शब्द बोलावेत अशी समितीची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

आपण पैठणच्या शेजारचे लोक. फाल्गुन वद्य षष्ठीला आपली दिंडी नाथांच्या दारी जाते. 1976 साली जायकवाडीचे धरण पुरे झाले, त्या जलाशयालाही आपण नाथसागर म्हणतो. नाथांचे नाव तोंडात इतके रुळले आहे, की या माणसाने स्वतःच्या गावाचा केवढा रोष पत्करला होता, हे आपण विसरून गेलो आहोत.

देवगिरीच्या किल्ल्यावरची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. जनार्दनस्वामींनी नाथांना हिशेबाचे काम दिले होते. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली, तेव्हा आनंदाने टाळी वाजवली आणि त्या आवाजाने स्वामी जागे झाले. कीर्तनकार हा एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगतात, आणि तो आहेही. पण मला त्यातली रात्र मोठी वाटते. सारा गड झोपलेला, शाबासकी द्यायला कोणी नाही, आणि एका पैचा जाब तरी कोण विचारणार होते? ती पै नाथांनाच सलत होती.

याच स्वभावाचा माणूस पुढे पैठणात संसार थाटून राहिला. घरी श्राद्ध होते. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मणांना आमंत्रण गेले होते. वाड्यामागून जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसांना अन्नाचा वास आला. पोरे आईबापांपाशी बोलली, की असले अन्न आपल्या नशिबी कुठले! नाथांनी ते ऐकले आणि त्यांना बोलावून पोटभर जेवू घातले. गिरिजाबाईंनी पुन्हा चूल पेटवली. दुसऱ्यांदा स्वयंपाक झाला, पण आमंत्रित जेवायला येईनात. पुढे प्रत्यक्ष पितर पानावर येऊन बसले, असे महिपतीबुवांनी लिहिले आहे. बुवांनी हे नाथांच्या मागे दीडशे वर्षांनी लिहिले, म्हणून कोणी शंका काढील. खुशाल काढावी. पितर आले की नाही हा वाद मला घालायचा नाही. पहिल्या पंगतीला वाढताना पितर येतील असे नाथांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या घटकेला त्यांच्यापुढे भुकेली पोरे होती, आणि गाव वाळीत टाकील ही खात्री होती.

भागवत मराठीत आणले तेव्हाही काशीच्या पंडितांनी जाब विचारला. ग्रंथ तेथेच शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, पुरा झाला आणि मग त्याच काशीत त्याची मिरवणूक निघाली, अशी परंपरा आहे. मिरवणुकीनंतर नाथांचा नित्यक्रम काही बदलला नाही. 1584 साली ते ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करीत होते, एकेक ओवी ताडून पाहत. पुन्हा तेच, पै शोधण्याचे काम.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती मला शोभणारी नाही.

मी तरुणपणी एका गावात शिक्षक होतो. ते गाव हे नव्हे, आणि नाव सांगून त्यांना दुखवायचे नाही. सप्ताहात एका रात्री मला बोलायला उभे केले. मी हीच श्राद्धाची कथा सांगितली. बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले, पुढाऱ्यांनी पाठ थोपटली, मलाही बरे वाटले. दुसऱ्या दिवशी काल्याची पंगत बसली. देवळापुढे एक, आणि लांब, लिंबाखाली, दुसरी. कायद्याने अस्पृश्यता बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. मला पहिल्या पंगतीत मानाने पाट मिळाला. लिंबाखाली माझ्या वर्गातला एक मुलगा पत्रावळ घेऊन बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी पानाकडे पाहिले.

उठून तिकडे गेलो असतो तर काय झाले असते? बदली झाली असती, भाड्याची खोली गेली असती, दूध बंद झाले असते. फार तर एवढेच. मी पुरणपोळीवर तूप वाढून घेतले.

सोमवारी त्या मुलाने वर्गात विचारले, "गुरुजी, तुम्ही रात्री सांगितली ती गोष्ट खरी का?" मी "खरी" म्हटले आणि फळ्याकडे वळलो. पुढे कीर्तने-प्रवचने पुष्कळ झाली, हारतुरे मिळाले. तो प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

म्हणून समितीच्या दोन गोष्टी मला शिखरापेक्षा मोठ्या वाटतात. देणगीदारांची यादी आकड्यांच्या क्रमाने न लावता अक्षरांच्या क्रमाने लावली. मोठ्या देणगीदारांपैकी काहींना ते रुचले नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनी रागावू नये अशी हात जोडून विनंती आहे. दगडावर नाव असावे असे वाटणे हे पाप नव्हे. कन्नडकडे पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या गंध्याचे नाव दोन हजार वर्षे टिकलेच आहे. पण पोत्याने धान्य देणारा आणि पायलीने देणारी म्हातारी यांत क्रम लावायचा कोणी?

दुसरी गोष्ट पंगतीची. आज पंगत एकच आहे आणि वाढपी सगळ्या आळ्यांतले आहेत. यावरही कुजबुज झाली, बैठकीतून दोघे उठून गेले. समिती ढळली नाही. उठून गेलेल्यांच्या घरी अध्यक्ष आज सकाळी स्वतः अक्षता घेऊन गेले होते. ते दोघे आले आहेत की नाही, हे मी मुद्दाम पाहिलेले नाही.

पत्रावळी मांडून झाल्या, अशी खूण तिकडून होत आहे. जमाखर्च या पुस्तिकेच्या शेवटी पै-पैसह छापला आहे. तो घरी नेऊन वाचा आणि चूक आढळली तर समितीला कळवा.

रामकृष्ण हरी.