जलतरणपटू मुरलीकांत पेटकर

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेले भाषण)



ऑलिंपिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी मिळविले, हे शाळेतील मुले चटकन सांगतात. परंतु त्यापूर्वी ३६ वर्षे, पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या एका जवानाने सुवर्णपदक जिंकले होते, हे कितीजणांना ठाऊक असते? ते जवान म्हणजे मुरलीकांत पेटकर होत.

पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचारांचा एक भाग म्हणून ते पाण्यात उतरले. देहाचा भार पाणी पेलते. जमिनीवर जखडलेल्या शरीराला तेथे हालचाल करता येते. हा उपचारच पुढे त्यांची साधना झाला. १९६८ साली तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ साली ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह प्रथम आले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय.

या पराक्रमाची पद्मश्रीने नोंद घेतली ती २०१८ साली. दुसऱ्या सुवर्णपदकासाठीही देशाला ३२ वर्षे थांबावे लागले. ते २००४ साली अथेन्स येथे देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत मिळविले. या दीर्घ काळात देशात जिद्दीची माणसे नव्हती काय? होती, परंतु त्यांच्यापर्यंत ना मैदान पोहोचले, ना मार्गदर्शक. संधी वाढताच २०२४ साली पॅरिस येथे भारताने ७ सुवर्णांसह २९ पदके मिळविली.

म्हणून पेटकरांचा गौरव केवळ भाषणांनी होणार नाही. खेळाच्या तासाला दिव्यांग मुलाला 'तू वर्गातच बस' असे सांगितले जाते, तेही बहुधा मायेपोटी. शिक्षकांनी ही माया आवरावी. दिव्यांगांना क्रीडासुविधा उपलब्ध करून देणे हे २०१६ च्या कायद्यानेच शासनावर सोपविलेले कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींनीही स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखावयाच्या ५ टक्के निधीचा विनियोग ठरविताना खेळाचा विचार करावा. मैदानाच्या फाटकाशी एक उतार बांधला, तरी चाकाची खुर्ची आत येऊ शकते.

आपल्या गावात अशी मुले किती आहेत व त्यांपैकी किती खेळतात, एवढी नोंद प्रत्येकाने या महिन्यात करावी, ही विनंती.