मैदानानंतरची वाणी



मुलगा खेळात रमला की आपल्या घरोघरी एकच प्रश्न निघतो, "पाय थकल्यावर हा करणार काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर म्हणून इंग्लंडमधील फुटबॉलपटू जिमी हिल यांचे चरित्र आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

१९२८ साली लंडनमध्ये जन्मलेले हिल ब्रेंटफर्ड व पुढे फुलहॅम या संघांतून खेळले. त्या काळी तेथे खेळाडूंच्या वेतनास कमाल मर्यादा असे. अखेरीस ती आठवड्याला २० पौंड होती. प्रेक्षकांनी मैदान भरून जावे, पण खेळाडूच्या पदरी एवढेच पडावे, अशी ती रीत. १९५७ साली हिल खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या बांधवांना संघटित केले, संपाची सिद्धता केली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा उठली. त्यांचे सहकारी जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. स्वतः हिल यांचा खेळ मात्र त्याच वर्षी गुडघ्याच्या दुखापतीने संपला. वृक्ष लावला एकाने, फळे चाखली इतरांनी!

पण ते खचले नाहीत. त्यांनी कॉव्हेंट्रीचा संघ तिसऱ्या श्रेणीतून १९६७ साली पहिल्या श्रेणीत नेला आणि मग दूरचित्रवाणीची वाट धरली. १९७० च्या विश्वचषकाच्या वेळी माजी खेळाडूंना चर्चेस बसविण्याचा त्यांचा प्रयोग लोकप्रिय झाला. १९७३ पासून ते बी.बी.सी.वर समालोचक म्हणून घराघरांत पोहोचले. त्यांच्या मतांवर वाद झाले, लांब हनुवटीची थट्टाही झाली. तरी २०१५ साली निधन होईपर्यंत त्यांचे नाव लोक विसरले नाहीत.

ही वाणी आली कोठून? आमच्या मते, बांधवांची बाजू मांडता मांडता ती घडली. अंगी मुरलेले ज्ञान शब्दांत उतरले, तरच ते देहाच्या उमेदीपलीकडे टिकते.

म्हणून आमची एक सूचना आहे. मंडळाच्या क्रीडास्पर्धांत केवळ चषक देऊन थांबू नये. प्रत्येक खेळाडूने आपला सामना कसा जिंकला वा हरला, हे सभेपुढे उभे राहून दहा मिनिटे सांगावे. पाय थकतील तेव्हा ही दहा मिनिटे त्याच्या कामी येतील.