नव्वद पर्सेंटाइल म्हणजे किती मार्क?

मुंबईत कांदिवली पूर्वेला ठाकूर व्हिलेजमध्ये राहणाऱ्यांना इंजिनीअरिंग कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे. प्रवेश मात्र मिळतो तो मुख्यतः एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर.

या परीक्षेत भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न, प्रश्नाला एक गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ तितकाच. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे! उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण २० टक्के प्रश्न असतात. अकरावी हसतखेळत घालवणाऱ्यांना ते तिथेच भोवतं.

घरोघरी गोंधळ होतो तो पर्सेंटाइलचा. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरातले नव्वद परीक्षार्थी तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात, म्हणून ही पद्धत.

आणि बारावी? खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत किमान ४५ टक्के लागतातच. पुढे प्रवेशफेऱ्यांसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना पहिलं नाव विचार करून टाका; पहिल्या फेरीत तेच कॉलेज मिळालं, तर पुढच्या फेऱ्यांत बदल मिळत नाही.