नळी निघाली, तरी जपणूक संपत नाही



मोताळ्याहून मोठ्या शहरात जाऊन अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी करून आलेली माणसे आपल्या ओळखीत असतात. भेटायला येणारे हृदयाची विचारपूस करतात. पण ज्या रक्तवाहिनीतून नळी गेली, तिची चौकशी कोणी करीत नाही. आज तिच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

१९२९ साली जर्मनीत वर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली. १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिच येथे फुग्याच्या साहाय्याने हृदयाची अरुंद धमनी रुंद केली. पुढे पुष्कळ वर्षे मुख्यतः जांघेतील धमनीची वाट वापरात होती. ही धमनी मोठी आणि खोल. तिचे छिद्र नीट मिटले नाही तर रक्त साचून गाठ येते. कधी ती नाडीसारखी उडते. कधी रक्त पोटाच्या मागच्या बाजूस साचते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. १९८९ पासून मनगटाची वाट पुढे आली. तेथील धमनी हाडावर सहज दाबता येते आणि हाताला रक्त पुरविणारी दुसरी धमनीही असते. त्यामुळे धोका कमी झाला, संपला नाही.

घरी आल्यावर सूज वाढणे, उडणारी गाठ, पाय किंवा बोटे थंड व बधिर पडणे, कंबर-पोटात दुखून घेरी येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रक्त आलेच तर रुग्णाला आडवे करा. सुई तिरपी जाते, म्हणून जांघेतील धमनीचे छिद्र कातडीवरील खुणेच्या थोडे वर असते. खुणेवर व तिच्या किंचित वर बोटांनी घट्ट दाब द्या, मध्येच उचलून पाहू नका आणि दुसऱ्याला १०८ क्रमांक फिरवायला सांगा.

जांघेतून नळी गेली असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस उकिडवे बसणे, ओझे उचलणे टाळा. आजाऱ्याला बसून, तेही न जमल्यास पडून नमाज अदा करण्याची सवलत आपल्या दीनने दिलेलीच आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र रमजानमध्येही आपल्या मनाने बंद करू नका. वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

विद्यार्थी मित्रहो, रुग्णाच्या सुट्टीचा कागद घरात बहुधा तुम्हालाच वाचता येतो. तो मोठ्याने वाचून दाखवा. शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे.