माहेरचं शिंदे, सासरचं शिंदे

काष्टीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, आम्हीही तशाच ऐकतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटात एक घोळ झाला. आमच्या वहीत शिंदे आडनावाच्या चौघी आहेत. त्यातल्या दोघींचं नाव एकच, आणि दोघींच्या नवऱ्यांच्या नावाचं पहिलं अक्षरही एकच. एकीने भरलेला हप्ता दुसरीच्या खात्यावर चढला. जिच्या खात्यावर चढला तिला काही कळलं नाही, आणि जिने भरला होता तिच्या दारात थकबाकीची चिठ्ठी आली. दोन महिने ते निस्तरण्यात गेले. त्या दोघींचं बोलणं बंद झालं ते वेगळंच. पैसे मोजताना बाईचा अपमान झाला की तो लवकर विसरला जात नाही.

निस्तरताना समोरचे साहेब सहज म्हणाले, "दोघी शिंदेच ना? मग भावकीतच असाल, घरातच मिटवा." दोघींनी एकदम मान हलवली. एकीचं सासर इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या घोडनदीच्या काठचं. दुसरीचे सासरे बीडकडून ऊसतोडीला आले आणि इथेच राहिले. देवक वेगळं, कुलदैवत वेगळं, जातसुद्धा वेगळी. आडनाव तेवढं एक.

त्या दिवसापासून आम्ही या आडनावाच्या मागे लागलो. म्हाताऱ्यांना विचारलं, शाळेतल्या गुरुजींना विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणली. हाती जे लागलं ते आज सांगतो.

सुरुवात आपल्या तालुक्यापासूनच करू. श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. शेख महंमद महाराजांचं गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण हेच गाव ग्वाल्हेरच्या शिंद्यांचंही होतं. ज्यांना हिंदीत सिंधिया म्हणतात ते हेच. तुम्हाला वाटेल, कुठे ग्वाल्हेर आणि कुठे श्रीगोंदे. पण वाट उलटी आहे, ती इकडून तिकडे गेली.

या घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात. तिथल्या पाटलाच्या घराण्यातले राणोजी शिंदे पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेत चढत गेले आणि माळव्यात उज्जैनला त्यांनी ठाणं केलं. राणोजी 1745 साली वारले. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत त्या घरात काय झालं ते ऐका. मोठा मुलगा जयाप्पा 1755 साली नागोरला मारला गेला. दुसरा दत्ताजी 10 जानेवारी 1760 ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडला. जयाप्पाचा तरुण मुलगा जनकोजी पानिपतात गेला. पुस्तकात ही शौर्याची यादी म्हणून येते. आम्ही वाचताना त्या घरातल्या बायकांची संख्या मोजत होतो.

पानिपतातून महादजी पायाला जखम घेऊन जिवंत परतले. त्यांनी घराणं पुन्हा उभं केलं, दिल्लीच्या बादशहाचा कारभार हातात घेतला. पण स्वतःला ते पाटीलच म्हणवून घेत, लोकही पाटीलबावा म्हणत. पारनेर तालुक्यातल्या जामगावला त्यांचा वाडा आहे, आपल्या श्रीगोंद्यातही शिंद्यांचे वाडे होते. 12 फेब्रुवारी 1794 ला पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. तिथली शिंदे छत्री आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल.

आता एक गोष्ट आम्हाला फार आवडली. 1803 साली इंग्रजांशी लढाई झाली. नगरचा किल्ला तेव्हा शिंद्यांकडे होता, तो ऑगस्टमध्ये पडला. वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगावला तह झाला आणि दक्षिणेतला बहुतेक मुलूख दौलतराव शिंद्यांच्या हातून गेला. पण त्या तहात त्यांनी काही गावं नाव घालून मागून घेतली. त्यात चांभारगोंदे होतं आणि जामगाव होतं. किल्ला गेला, मोठे प्रांत गेले, तरी वतनाची गावं सोडली नाहीत. एवढं मोठं राज्य सांभाळणाऱ्या माणसालाही आपली पाटीलकीची जमीन कागदावर राहावी असं वाटलं. हे आपल्याला समजायला जड नाही.

1810 च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा तळ दिला. त्या छावणीचंच शहर झालं, आजही त्याला लष्कर म्हणतात. फौजेबरोबर कारकून गेले, आचारी गेले, बलुतेदार गेले. म्हणून ग्वाल्हेर, उज्जैन या भागात मराठी आडनावं आजही भेटतात.

पण हे झालं एका घराण्याचं. सगळे शिंदे काही कण्हेरखेडहून निघालेले नाहीत. मग हे नाव मुळात कुठलं? कर्नाटकात अकराव्या-बाराव्या शतकात सिंद नावाची राजघराणी होती, येलबुर्गा आणि बागलकोटच्या बाजूला. ते स्वतःला नागवंशी म्हणवत. सिंद वरून शिंदे झालं, असं काही अभ्यासक मांडतात. ग्वाल्हेरच्या निशाणावरही सूर्याबरोबर नाग आहेत, त्यामुळे ही जोडणी लोकांना पटते. आमच्या एका आजींचं म्हणणं साधं आहे, शिंदीच्या झाडांपाशी राहणारे ते शिंदे. दोन्हीपैकी एकच खरं असायला हवं असंही नाही. एकाच नावाला वेगवेगळ्या वाटेने वेगवेगळे लोक पोचू शकतात. पूर्वी सगळ्यांना आजच्यासारखं कागदावरचं पक्कं आडनाव नव्हतंच. कुणी पाटील, कुणी गावावरून अमुककर, कुणी नुसतं नाव आणि बापाचं नाव. शाळेचा दाखला, पलटणीची भरती, जमिनीची मोजणी आली आणि जे सांगितलं ते शाईने पक्कं झालं.

आज सातारा, पुणे, नगर, सोलापूर, नाशिक, मराठवाडा, खाली कर्नाटकात जमखंडीपर्यंत, कुठेही जा, शिंदे आहेत. शिंदेवाड्या किती आहेत त्याची गणती नाही. नाशिक-पुणे रस्त्यावर तर आख्ख्या गावाचंच नाव शिंदे. मराठ्यांत शिंदे, धनगरांत शिंदे, माळ्यांत, कोळ्यांत, दलित वस्तीत शिंदे. महाराष्ट्राला शिंदे आडनावाचे दोन मुख्यमंत्री झाले, सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे आणि एकनाथ शिंदे साताऱ्याकडच्या दरे गावचे. दोघांचं नातं काही नाही. तेव्हा "तुम्ही शिंदे, म्हणजे आमचेच" किंवा "म्हणजे ते तसले", ही दोन्ही वाक्यं आम्ही आमच्या बैठकीतून काढून टाकली आहेत.

आता बायकांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आडनाव पुरुषाचं म्हणतात, पण ते बदलावं लागतं बाईला.

आपल्या जिल्ह्याला आज ज्यांचं नाव आहे त्या अहिल्यादेवी होळकर. त्यांचा जन्म 1725 सालचा, आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात चौंडी गावी. वडील माणकोजी शिंदे, चौंडीचे पाटील, धनगर समाजातले. म्हणजे अहिल्याबाई माहेरच्या शिंदे. लग्न होऊन होळकर झाल्या आणि 1767 पासून 1795 पर्यंत माळव्याचा कारभार महेश्वरहून त्यांनी चालवला. त्याच काळात त्याच माळव्यात शेजारी महादजी शिंद्यांचं राज्य. एका जिल्ह्याशी नाळ असलेले, एका आडनावाचे दोघे. एकाची चांभारगोंद्याला वतनदारी, दुसरीचं चौंडीला माहेर, आणि घराणी अगदी वेगळी. आमच्यातल्या निम्म्या जणींना अहिल्यादेवींचं माहेरचं आडनाव माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यातल्या शिंद्यांनाही नव्हतं.

बायजाबाईंचं उलटं. त्या कागलच्या घाटगे, सर्जेराव घाटग्यांची मुलगी. दौलतरावांशी लग्न होऊन शिंदे झाल्या. 1827 साली दौलतराव वारले, पोटी मुलगा नाही. दत्तक घेऊन 1833 पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी पाहिला. पैशाच्या व्यवहारात त्या फार पक्क्या. उज्जैनला त्यांच्या स्वतःच्या पेढ्या होत्या, आणि कंपनी सरकारनेही त्यांच्याकडून कर्ज घेतलं. आमच्या गटाच्या खजिनदार बाईंनी हे ऐकलं तेव्हापासून त्यांचा आवाज जरा वाढला आहे.

तिसऱ्या ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. 1882 साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला होता. त्यावरून काही वर्तमानपत्रवाले बाईजातीला नावं ठेवू लागले. ताराबाईंनी विचारलं की सगळे दोष बाईच्याच अंगी कसे, पुरुष काय धुतल्या तांदळासारखे? शब्द आमचे आहेत, मुद्दा त्यांचा. लोक तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. या ताराबाईंचं शिंदे हे वडिलांकडचं आडनाव, वडील बापूजी हरी शिंदे. नवरा घरजावई होता असं सांगतात. पुस्तकावर माहेरचंच नाव आलं आणि तेच राहिलं.

चौथ्या जनाक्का. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, जमखंडीचे, ज्यांनी 1906 साली अस्पृश्यतेच्या विरोधात निराश्रित साह्यकारी मंडळी काढली, त्यांची ही बहीण. लहानपणी लग्न झालं, सासरी हाल झाले. भावाने परत आणली आणि शिकवली. पुढे तीच भावाच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. लोक तिला जनाक्का शिंदे म्हणूनच ओळखतात.

एकीने शिंदे सोडलं, एकीने घेतलं, एकीने ठेवलं, एक त्या नावाकडे परत आली. चौघींचं काम आपल्यासमोर आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदललं तरी चालतं, ठेवलं तरी चालतं. पण अर्धं बदललं की घोटाळा होतो. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, आणि बँकेत भलतंच काही. आमच्यातल्या एकीचे वडील वारले. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची तर माहेरच्या नावाची मुलगी आणि समोर उभी असलेली बाई एकच, हे सिद्ध करायला तिला लग्नाचा दाखला शोधावा लागला. लग्न वीस वर्षांपूर्वीचं, नोंदणी केलेलीच नव्हती. शेवटी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आडनाव बदललं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, 2005 च्या दुरुस्तीने हे देशभर झालं. हक्क असतो, पण कागद जुळले नाहीत तर हेलपाटे पडतात, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, जाऊ दे ताई, हक्कसोड करून टाक.

आपल्या राज्य सरकारने 2024 मध्ये दोन गोष्टी केल्या, त्या लक्षात ठेवा. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं. आणि मिळकतीच्या दस्तात बाईला लग्नाआधीच्या नावाने नोंद करायची मुभा दिली. सुनेचं बाळंतपण जवळ आलं असेल तर जन्मनोंदीच्या वेळी हे सांगा. आईचं नाव राहून गेलं तर पुन्हा खेटे आपल्यालाच.

आमच्या गटाने वहीत एक रकाना वाढवला. सभासदाचं नाव, नवऱ्याचं पूर्ण नाव, आडनाव, आणि त्यापुढे माहेरचं गाव आणि माहेरचं आडनाव. सुरुवातीला काहीजणी लाजल्या, माहेरचं कशाला म्हणून. मग एकेक सांगू लागली आणि ती बैठक संध्याकाळपर्यंत लांबली. कुणी पेडगावची निघाली, कुणी कर्जतची, कुणी दौंडच्या पलीकडची. चाळीस वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दोघी, ज्यांचा हप्ता चुकला होता, त्याही आल्या होत्या. लिहिता लिहिता कळलं की एकीचं माहेरही शिंद्यांचंच, जामखेडकडचं. देवक वेगळं म्हणून लग्न जमलं होतं. वही लिहिणाऱ्या पोरीला वाटलं चूक झाली, ती खोडायला लागली. तशी दुसरी, जी दोन महिने तिच्याशी बोलत नव्हती, ती म्हणाली, "अगं, खोडू नको. तिचं दोन्हीकडचं शिंदेच आहे."